संध्याकाळची गाडी यायची आहे

जावईबापूंना डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली, तिथून हे सगळं सुरू झालं. डॉक्टरांचं काय जातंय सांगायला! पोटाला बोट लावलं, 'हे कमी करा, सायकल चालवा' म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. रस्त्यावर सायकल चालवणं म्हणजे काय असतं हे त्यांना कुठे ठाऊक? पहिल्याच दिवशी एका बसच्या ड्रायव्हरनं जावईबापूंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या कुत्र्यांनी त्यांना थेट ऑफिसच्या पायरीपर्यंत पोचवलं. तिसऱ्या दिवशी ते सायकलसकट भाजीच्या हातगाडीत शिरले, आणि भाजीवालीनं आधी टोमॅटो उचलले, मग त्यांना.

आता जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. पण लग्नानंतर ते सासऱ्यांच्या घरी राहायला आले आणि अख्ख्या गल्लीचे जावईबापू झाले, ते आजतागायत. पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीमागे ते बसत, तिथे साहेबसुद्धा 'जावईबापू, ती फाइल बघा' म्हणत. नळाला पाणी नाही म्हणून तणतणत आलेला माणूस खिडकीत वाकून म्हणे, 'जावईबापू, आता तुम्हीच बघा बुवा.' कानावरचे केस पांढरे झाले तरी माणूस जावईच राहिला. बाहेर ते यावर हसत, पण मनाला लागायचं ते लागायचंच.

तर, गल्लीच्या मागून रेल्वेचा एक जुना फाटा गेलेला होता. अलीकडच्या मोठ्या स्टेशनावरून निघून गल्लीमागच्या छोट्या स्टेशनात संपणारा. गाडी बंद पडूनही वर्षं लोटली होती. स्लीपर मातीत बुडाले होते आणि दोन रुळांच्या मधे लोकांनी येऊनजाऊन छान गुळगुळीत पायवाट केली होती. सिग्नलच्या खांबांना दोऱ्या बांधून बायका चादरी वाळत घालत. जावईबापूंनी एका रविवारी तिथे सायकल नेली, आणि काय सांगावं! बस नाही, कुत्री नाही, चढ नाही, उतार नाही. कधी नव्हे ते त्यांनी शीळ घातली.

त्या आनंदाच्या भरात त्यांच्या हातून घोडचूक झाली. गल्लीची बैठक होती पाण्याच्या टाकीबद्दल. तिच्यात ते बोलून गेले, "त्या फाट्यावर सगळ्यांसाठी सायकलची वाट केली तर?" टाळ्या पडल्या, टाकी बाजूला राहिली आणि ते बसायच्या आत सायकलवाट समितीचे अध्यक्ष झाले होते. ज्यानं तोंड उघडलं त्याच्याच गळ्यात काम, हा आपल्या बैठकांचा शिरस्ता जावईबापूंना ठाऊक असायला हवा होता. पण माणूस शीळ घालायला लागला की असा गाफील होतो.

समोरच्या घरातल्या काकांना गल्ली 'सल्लागार' म्हणे. नोकरीत ते काय करत होते हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं, पण सल्ला देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ते त्याच संध्याकाळी आले. सायकलींनी डावीकडून जावं की उजवीकडून, घंटी एकदा वाजवावी की दोनदा, समोरून बाई आली तर उतरावं की नुसतं हसावं, सगळं त्यांनी ठरवून टाकलं. चादरीवाल्या बायकांनीही आपलं म्हणणं कळवलं, की सायकली खुशाल जाऊ देत, चादरी आल्या की वाकतील आणि काय. जावईबापूंनी सगळ्यांना मान डोलावली. अध्यक्षाला दुसरं काम नसतंच.

खरी अडचण घरात जेवायला बसली होती.

सासरे म्हणजे त्या छोट्या स्टेशनाचे मास्तर. गाडी बंद झाली, पण मास्तर बंद झाले नाहीत. रोज संध्याकाळी ते काळा कोट चढवायचे, बटणं लावायचे, हिरवा आणि लाल बावटा काखेत मारून स्टेशनावर जायचे. अंधार पडायला लागला की परत यायचे आणि कोट खुंटीला लावत म्हणायचे, "अजून नाही." मग हातपाय धुऊन जेवायला बसले की पहिल्या घासाबरोबर शेवटच्या गाडीचा दिवा चोरणाऱ्याचा उद्धार सुरू. "कोणी नेला असेल तो, त्याच्या घरात कधी उजेड पडणार नाही!" हे ते रोज म्हणत. त्यांची लेक, म्हणजे जावईबापूंची बायको, खाली मान घालून त्यांना वाढत असे. आणि घरात खरोखरच उजेडाची बोंब होती, कारण कुठल्याही टॉर्चमध्ये सेल म्हणून टिकत नसत. ते कुठे जात, हे कोणाला कळत नव्हतं.

त्या रात्री जेवताना जावईबापूंनी सायकलवाटेचा विषय काढला. मास्तरांचा हात ताटातच थांबला.

"सायकली? आणि गाडी आली म्हणजे?"

"मामा, ती गाडी आता कुठली येतेय?"

"निघालेली आहे," मास्तर म्हणाले आणि पुढचा घास घेतला. विषय संपला.

जावईबापूंनी मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसांचं असायचंच. आपण रेल्वेच्या वरच्या ऑफिसात जाऊन काम करून आणू. तिथे त्यांना खिडकीमागच्या माणसानं 'उद्या या' सांगितलं. दुसऱ्या दिवशी 'साहेब जागेवर नाहीत' सांगितलं. ही वाक्यं जावईबापूंच्या चांगल्या ओळखीची होती; ती खिडकीच्या बाहेरून इतकी वाईट ऐकू येतात, याची मात्र त्यांना कल्पना नव्हती. शेवटी एका खोलीत त्यांना एक प्रौढ बाई भेटल्या. बाई भल्या होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, नगरपालिका रूळ काढून पक्की वाट करायला तयार आहे, आमचीही हरकत नाही, असं सांगितलं. जावईबापू खुर्चीतून उठलेच आभार मानायला.

"पण सध्या जमणार नाही," बाई म्हणाल्या. "लाइनवर गाडी आहे."

भिंतीवर एक मोठा फलक होता. सगळ्या मार्गांच्या रेघा, त्यांवर बारके दिवे. बंद झालेल्या फाट्यांचे सगळे दिवे विझलेले, फक्त एका कोपऱ्यात एक लाल दिवा इमानेइतबारे जळत होता.

"तो तुमचा फाटा."

"अहो बाई, ती गाडी भंगारात गेली! वाटेतला पूल कच्चा झाला म्हणून ती परत गेलीच नाही. तिथेच डबे सुटे करून ट्रकवर घालून नेले. मी स्वतः बघितलं."

"भंगारात गेली असेल हो," बाई समजुतीनं म्हणाल्या. "पण पोचली का? ते तिथल्या मास्तरांनी कळवायचं असतं. त्यांच्या खोलीत पेटी आहे, तिचं बटण दाबलं की तिथे घंटी वाजते आणि आमचा दिवा विझतो. त्यांनी दाबलेलं नाही. मी इथे आले तेव्हापासून हा दिवा असाच आहे. आधीच्या साहेबांनी जाताना बजावलं होतं, याला हात लावू नका."

"पण मास्तर तर केव्हाच रिटायर झाले!"

"त्यांच्याकडून चार्ज कोणी घेतला? लाइनवर गाडी असताना चार्ज देताघेता येत नाही. म्हणजे रेल्वेच्या हिशेबी अजून तेच." बाईंनी चहा सांगितला. "तुम्ही त्यांना सांगून बघा ना. तुमच्या ओळखीचे आहेत का?"

जावईबापूंनी चहा तसाच सोडला.

मास्तरांना पटवायला ते सल्लागारांना घेऊन गेले. हीसुद्धा चूकच, पण अध्यक्ष झाल्यापासून चुका त्यांच्या हातून रांगेनं होत होत्या. स्टेशनाच्या बाकावर मास्तर कोट घालून बसले होते. सल्लागारांनी घसा साफ केला.

"मास्तर, आपण गाडी आलीच आहे असं समजून चालू. काय बिघडलं?"

मास्तर चिडले नाहीत. लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "गाडीच्या शेवटच्या डब्याला मागून लाल दिवा लावलेला असतो. इंजिन आलं म्हणजे गाडी आली असं होत नाही. शेवटचा दिवा मास्तरानं डोळ्यांनी बघायचा, मग गाडी पूर्ण आली. वाटेत एखादा डबा सुटून मागे राहिलेला असला म्हणजे? त्या दिवशी शेवटची गाडी म्हणून ही गर्दी. कोणी पाटी काढून नेली, कोणी खिडकीची चौकट. गर्दी हटवत मी मागे जाऊन बघतो, तर दिवा नाही. कोणीतरी लांबवला. मग मी कसं कळवू?"

"पण डबे तर सगळे मोजून भरले होते!"

"काका," मास्तर म्हणाले, "तुमचा सल्ला चुकला तर कोणी मरत नाही. माझं तसं नव्हतं."

 परत येताना सल्लागार इतकंच म्हणाले, की कोटाचं एक बटण सैल झालंय, लावून घ्यायला सांगा.

घरी आल्यावर जावईबापूंचा बांध फुटला. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते बायकोला म्हणाले, "या घरात माझी किंमत त्या बावट्याइतकीसुद्धा नाही! त्यांना माझी सायकल नको असेल तर सरळ सांगावं ना. गाडी येतेय म्हणे!"

बायकोनं गॅस बारीक केला. "आई गेली तो दिवस आठवतो तुम्हाला? दुपारी सगळं आटोपून आलो. बाबा कोणाशी बोलत नव्हते, पाणी घेत नव्हते. मला वाटलं, आता हे काही उठत नाहीत. आणि संध्याकाळी उठले, कोट घातला. म्हणाले, 'गाडीची वेळ झाली.'" तिनं डोळे पुसले. "गाडी आली तर उद्यापासून ते संध्याकाळी कुठे जातील हो?"

जावईबापू दारातच उभे राहिले. राग कुठल्या कुठे गेला. त्यांचाही म्हाताऱ्यावर जीव होता; फक्त जावयानं सासऱ्यावर जीव आहे असं म्हणायचं कसं, हे त्यांना कधी जमलं नव्हतं. जरा वेळानं ते म्हणाले, "राहू दे मग. सांगून टाकतो समितीला. मी आपला चालत जाईन ऑफिसला. चालल्यानंही पोट कमी होतं म्हणतात."

तिनं त्यांच्याकडे असं काही बघितलं, की लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ते लाजले.

गंमत म्हणजे त्यानंतर मास्तरच जेवताना विचारू लागले. "तुमच्या त्या सायकली मोठ्या स्टेशनावरून निघाल्या, तर इथे यायला किती वेळ घेतील? पुलावर उतरतील का बसून येतील? एकामागून एक येतील, की गुरांसारख्या पसरून?" जावईबापू बिचकत उत्तरं देत. बायको वाढता वाढता ऐकत असे. एकदा भांडी आवरताना तीच म्हणाली, "येत्या रविवारी सगळ्यांना घेऊन मोठ्या स्टेशनावर जा. संध्याकाळी तिथून रुळांमधून इकडे या. त्या ऑफिसातल्या बाईंनाही बोलवा."

"अगं, पण बाबा—"

"इतकी वर्षं वाट बघतायत. कोणीतरी यायला नको का?" मग भांडं ठेवत म्हणाली, "आणि तुम्ही सगळ्यांच्या मागे राहायचं."

"मागे? मी अध्यक्ष आहे!"

"मागेच."

रविवारी तिनं सायकलच्या कॅरिअरला जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी स्वतः करकचून बांधलं, त्यांच्या खिशात काडेपेटी कोंबली आणि बजावलं, "निघताना सोडा. आधी नाही." जावईबापूंना वाटलं, खायला दिलं असेल.

मोठ्या स्टेशनाच्या टोकाशी अख्खी गल्ली सायकली घेऊन उभी होती, आणि तिकडचीही काही हौशी मंडळी येऊन मिळाली होती. काहींच्या नव्या, काहींच्या माळ्यावरून काढलेल्या, एकीच्या मागे वाळत घालायची राहिलेली चादर. ऑफिसातल्या बाई मास्तरांकडे पुढे गेल्या होत्या. ऊन कलल्यावर सायकली निघाल्या आणि जावईबापूंनी चादर सोडली.

आत लाल काचेचा जुना दिवा होता. काच लखलखीत पुसलेली, आत तेल भरलेलं, वात नवी. ज्याच्या चोराच्या नावानं मास्तर इतकी वर्षं रोज बोटं मोडत होते तो दिवा, आणि चोर रोज समोर बसून त्यांना वाढत होता! जावईबापू मटकन रुळावर बसले. गाडी शेवटची म्हणून तिनं तो बापाची आठवण म्हणून उचलला असेल, आणि त्यानंतर परत द्यायची सोय उरली नसेल. आधी भीतीनं, मग आई गेल्यापासून त्या कोटासाठी. त्यांना हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. त्यांनी दिवा पेटवला, कॅरिअरला मागे तोंड करून घट्ट बांधला आणि निघाले.

आपण कशासाठी मागे राहायचं ते त्यांना आता कळलं होतं. पण सल्लागारांना कोण सांगणार? जरा पुढे गेले, तर काका एक पाय टेकून उभे.

"या या, तुम्ही पुढे व्हा. अध्यक्ष पुढे हवेत."

"छे छे, काका, आधी आपण."

"मुळीच नाही. शिष्टाचार म्हणून काही आहे की नाही?"

"आपण वडीलधारे—"

"म्हणूनच सांगतोय."

दोघंही उभे. ऊन उतरत चाललेलं, पुढच्या सायकली पुलावर पोचलेल्या. जन्मभर जावईबापूंच्या मागे राहायला कोणी तयार झालं नव्हतं, आणि आज एक माणूस राहीन म्हणून हटून बसला होता. काका दोन पावलं गेले की थांबत, वळत आणि हात करून वाट देत. सीट उंच आहे म्हणाले, हवा कमी आहे म्हणाले, दिवसाउजेडी दिवा कशाला म्हणाले. शेवटी पुलापाशी जावईबापू आयुष्यात पहिल्यांदा गल्लीतल्या माणसावर ओरडले, "काका! मुकाट्यानं पुढे व्हा!"

काका इतके चपापले, की न थांबता थेट स्टेशनापर्यंत गेले.

त्या ओरडण्यानं जावईबापूंना धाप लागली. तेवढ्यात चेन उतरली. ती चढवताना हात काळे झाले, तेच कपाळाला लागले. मग एका बकरीनं त्यांना सोबत केली. पुढे एक चादर आली, आणि ते वाकले नाहीत.

इकडे काय झालं ते मागाहून कळलं. सायकली एकेक करून प्लॅटफॉर्मपाशी आल्या, टाळ्या झाल्या, ऑफिसातल्या बाईंनी मास्तरांचं अभिनंदन केलं. मास्तर कोटाची बटणं लावून उभे होते. सैल बटण लेकीनं शिवून दिलं होतं.

"मग कळवायचं ना, मास्तर?" बाईंनी विचारलं.

"गाडी पूर्ण आलेली नाही," मास्तर म्हणाले. त्यांची नजर रुळांवरून हलत नव्हती. "माझा जावई यायचाय."

जावईबापूंनी वळणावरून बघितलं, तर सगळी गल्ली उभी राहून आपल्याकडेच बघतेय. कपाळ काळं, खांद्यावर कोणाची तरी चादर, मागे बकरी. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. उतरून सायकल ढकलत जावं असंही मनात आलं, पण दिवा हलला असता. ते तसेच पायडल मारत, कोणाकडे न बघता, प्लॅटफॉर्मला लागून मास्तरांच्या समोरून पुढे गेले आणि थांबले.

मागे वळून बघितलं, तर मास्तर त्यांच्याकडे बघतच नव्हते. संधिप्रकाशात सायकलमागे जळणाऱ्या लाल दिव्याकडे बघत होते.  मग मास्तर वळले, खोलीत गेले. आतून घंटीचा एक खणखणीत ठोका आला. खोलीतली ती पेटी अजून कशी चालत होती, आणि घरातले टॉर्चचे सेल आजवर कुठे जात होते, हे जावईबापूंना त्या एका ठोक्यात कळलं. बाईंचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "विझला."

मास्तर बाहेर आले तेव्हा जरा लहान झाल्यासारखे दिसले. बावटे काखेत होते, पण हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. ते बाकावर बसले. लेक भीतभीत जवळ गेली.

"काच पुसलेली आहे," ते दिव्याकडे बघत म्हणाले.

"पुसत होते, बाबा. नेहमी."

"हं." त्यांनी मान पुढे करून ज्योत निरखली. "वात फार वर केलीस. काजळी धरते."

तिनं वाकून वात खाली केली. तिचे खांदे हलत होते. मास्तरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. जावईबापू उगाचच चेन तपासायला लागले.

मग मास्तरांनी मान वर केली. प्लॅटफॉर्मवर सायकली कशाही पडल्या होत्या, सल्लागार ऑफिसातल्या बाईंना फलक कसा लावायला हवा होता ते समजावत होते, बकरी चादर खात होती.

"हे काय?" मास्तर उठले. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. "गाडी अशी उभी करतात? मोठ्या स्टेशनाकडची मंडळी आहेत ना यांच्यात? त्यांना घरी जायचंय की नाही? चला, तोंडं फिरवा! एका ओळीत! काका, गाडी सुटताना बोलायचं नाही!"

सायकली भराभर ओळीत लागल्या. मास्तरांनी हिरवा बावटा उघडला, झटकला. ओळ नीट बघून घेतली आणि टोकाशी येऊन थांबले.

"जावईबापू, तुमची जागा मागे."

"हो, मामा."

मास्तरांनी दिव्याची गाठ ओढून बघितली आणि लेकीला म्हणाले, "तू जेवून घे. हे परत आल्याशिवाय मला काही येता यायचं नाही."

बावटा हलला. सायकली निघाल्या, आणि सगळ्यांच्या मागून जावईबापू. बरंच पुढे गेल्यावर त्यांना वाटलं, वळून बघावं. पण बघायची गरज नव्हती. दिवा दिसेनासा होईपर्यंत म्हातारा तिथून हलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते जरा हळूच चालवत राहिले.